मिहिन सत्तू

सक्करदऱ्याच्या त्या गल्लीत घराबाहेरचं कोणी मिनलला नावानं हाक मारत नसे. ती सगळ्यांची सिस्टर. कोणाचं बीपी बघायचं असो, कोणाच्या लेकराला ताप चढो, कोणाच्या म्हाताऱ्याला घरच्या घरी इंजेक्शन द्यायचं असो, माणसं दारात चप्पल काढता काढताच विचारत, "सिस्टर आहे का घरी?" मिनल कधी नाही म्हणत नसे. लोक म्हणत, किती मायाळू बाई आहे. खरी गोष्ट अशी की नाही म्हणायला जो जोर लागतो, तोसुद्धा ड्यूटीवरून आल्यावर तिच्यात उरत नसे.

ती उमरेडकडच्या एका खेड्यातली. बारावीनंतर नर्सिंग शिकायला नागपूरला आली आणि इथलीच झाली. शिकत असताना ती आणि तिच्या मैत्रिणी टोपीला स्टार्च करून कडक इस्त्री मारत, आरशात पुन्हा पुन्हा बघत. आता टोपी घालायची पद्धतच गेली होती आणि आरशात बघायचं कामही फारसं उरलं नव्हतं. नवरा जितेंद्र इतवारीत भांड्यांच्या ठोक दुकानात होता. दिवसभर पातेल्यांच्या आणि पिंपांच्या खणखणाटात राहून त्याला घरी आवाज नकोसा होई. तो थोडं बोले, पण गोड बोले. सासू प्रयागबाई गुडघ्यांनी अधू झालेली, पण जिभेनं ठणठणीत. आणि गुंजन, सातवीतली मुलगी.

सदरमधल्या एका खाजगी दवाखान्यात मिनल मेडिसिन वॉर्डला होती. वॉर्ड सदा भरलेला. नर्सेस सोडून जात, नवीन येत नसत, आल्या तर सहा महिन्यांत त्याही जात. राहिलेल्यांवर त्यांचं काम पडे. एका हातानं सलाईन लावायचं, दुसरीकडे औषधांचा ट्रे सांभाळायचा, त्यात नातेवाईक येऊन ओरडणार, "केव्हाची बेल वाजवून राहिलो, ऐकू येत नाही का?" मिनल म्हणे, "आलीच दादा." दिवसातून शंभरदा "आलीच." पाय सुजत. घरी येऊन ती पाय उशीवर ठेवी, तेवढ्यात दारात चप्पल काढल्याचा आवाज येई.

फिनलंडची गोष्ट वॉर्डमध्ये आणली रीनानं. रीना तिच्याहून दहा वर्षांनी लहान, पिशवीत सतत काहीतरी नवीन घेऊन येणारी.

"ताई, तिकडं म्हाताऱ्यांच्या होममध्ये आपल्या नर्सेस पाहिजे. एक संस्था आहे. भाषा ऑनलाईन शिकवतात. पास झालं की तिथले लोक मुलाखत घेतात."

"कुठली भाषा? इंग्लिश?"

"फिनिश. इंग्लिशवर भागत नाही म्हणे. म्हाताऱ्यांले कुठं इंग्लिश येते."

मिनलला हसू आलं. पण ते म्हाताऱ्यांचं कारण तिला पटलं. तिच्या वॉर्डातल्या म्हाताऱ्याही दुखणं सांगायच्या ते आपल्याच बोलीत. पोट "कळून राहिलं" म्हणायच्या आणि बाहेरगावाहून आलेला नवा डॉक्टर सिस्टरच्या तोंडाकडे बघायचा. तिनं नाव दिलं. जायचं असं काही ठरवून दिलं नव्हतं. रीना देत होती, म्हणून दिलं.

घरी सांगितलं तेव्हा प्रयागबाई म्हणाल्या, "काहून? इथं पेशंट कमी पडले काय तुले?"

जितेंद्र जेवत होता. तो म्हणाला, "शिकू दे आई. शिकल्यानं काय होते."

क्लास दुपारी चारला. सकाळची ड्यूटी करून धावतपळत आली तर जेमतेम गाठता येई. दुपारची ड्यूटी लागली की क्लास बुडे, म्हणून मिनल दुसऱ्यांच्या रात्रीच्या ड्यूट्या स्वतःकडे घेऊ लागली. अंगात आधीच नसलेली झोप आणखी कमी झाली. आतल्या खोलीत पलंगावर बसायचं, फोन उशीला टेकवायचा आणि चेहरा धुऊन समोर बसायचं. पडद्यावर केरळच्या, पंजाबच्या पोरी, आपल्याकडच्या पाच-सहा जणी आणि मध्ये शिकवणारी राइया. पन्नाशीची, पांढऱ्या केसांची, चष्मा गळ्यात अडकवलेली बाई. ती फार हसत नसे, पण कोणी चुकलं तर तेच वाक्य न कंटाळता पुन्हा म्हणे. पुन्हा. आणि पुन्हा. मिनलला तिचं तेवढंच फार आवडलं. दवाखान्यात तिला कोणी कुठलीच गोष्ट दुसऱ्यांदा शांतपणे सांगितली नव्हती.

भाषा मात्र दगडासारखी. शब्द लांबच लांब, आणि एक अक्षर दुप्पट म्हटलं की अर्थ बदलला. तुलि म्हणजे आग, तूलि म्हणजे वारा, तुल्लि म्हणजे जकात. राइया तिन्ही म्हणून दाखवी आणि मिनलला ड्यूटीच्या थकव्यात तिन्ही सारखेच ऐकू येत. पहिल्या महिन्यात तिला वाटलं, आपलं डोकं आता शिकण्याचं राहिलं नाही. सुंभासारखं झालंय.

ती सोडणारच होती. गुंजननं ते अडवलं, तेही नकळत. एका दुपारी आई राइयाच्या मागं वाक्य म्हणत होती, "मिनुल्ला ओन नॅल्कॅ," आणि गुंजन दारातच हसत सुटली.

"मम्मी, ही बाई तुझं नाव घेऊन राहिली. मिनलला!"

"गप वं. मिनुल्ला म्हणजे माझ्याकडे, मला. मला भूक आहे, असं वाक्य आहे ते."

बोलून झाल्यावर मिनल स्वतःच थबकली. मला भूक आहे. मले भूक लागली. इंग्रजी शिकवताना मास्तर सांगत तसं "मी भुकेला आहे" नाही. भूक आपल्याला येते, लागते, आपल्यापाशी असते. हे लोकही तसंच म्हणतात की! मग तिला दिसू लागलं. तालो म्हणजे घर, तालोस्सा घरात, तालोस्ता घरातून. शब्दाच्या शेपटीला काहीतरी जोडायचं, बस. हे तर आपण जन्मभर करतो. त्या दिवशी क्लासमध्ये तिनं पहिल्यांदा आपणहून हात वर केला.

उन्हाळा लागला. आतल्या खोलीत कूलर घरघरायला लागला. राइयानं बोलणं मध्येच थांबवून कान दिला आणि विचारलं, "मिनल, सताको?" पाऊस पडतोय का? बाहेर मे महिन्याचं ऊन रस्त्यावरचं डांबर मऊ करत होतं. कूलर म्हणजे काय, ते सांगायला मिनलकडे शब्द नव्हता. तिनं जुळवून सांगितलं, "एइ सदा. कोने." पाऊस नाही. यंत्र. तिनं फोन उचलून कूलर दाखवला. खसच्या जाळीतून पाणी गळत होतं. राइया पहिल्यांदा मोकळी हसली आणि म्हणाली, फार छान आवाज आहे, राहू दे.

पुढचे धडे दवाखान्याचे निघाले. हात, पाय, छाती, पाठ. आणि रोज लागणारा प्रश्न, कुठे दुखतं? मिहिन सत्तू? सरावाला माणूस हवा म्हणून मिनल प्रयागबाईंच्या खाटेपाशी बसली.

"आई, मिहिन सत्तू?"

"सत्तू? आता कुठून आणू सत्तूचं पीठ? अक्षय तृतीया होऊन गेली ना."

"सत्तू नाही वं आई. कुठं दुखते, असं विचारून राहिली मी."

प्रयागबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "इथं. अन् इथं. अन् रात्री कंबरेत. तू कधी विचारलंच नाही मले."

मिनलला चपराक बसल्यासारखं झालं. घरात नर्स असून सासूच्या गुडघ्यांना बाम चोळायचं काम गुंजनकडे होतं. तिनं त्या दिवशी दोन्ही गुडघे नीट दाबून बघितले, कुठं सूज आहे ते पाहिलं, कसं बसायचं, कसं उठायचं ते सांगितलं. हे सगळं फिनिशमध्ये म्हणायचा प्रयत्नही केला. प्रयागबाई तिला "हं, हं" म्हणत साथ देत होत्या. त्यानंतर चार वाजले की त्या स्वतः खाटेवरून विचारत, "आज कोणता अवयव आहे?"

रीना पावसाळ्याआधीच क्लासमधून गळाली. गोंदियाला सरकारी दवाखान्यात तिचं नोकरीचं काम झालं. जाताना ती मिनलला म्हणाली, "ताई, तुम्ही सोडू नका हं." वॉर्डमध्ये रीनाची जागा भरली गेली नाही. तिच्या ड्यूट्या वाटल्या गेल्या.

मिनल परीक्षा पास झाली. अगदी काठावर, पण झाली. संस्थेच्या बाईंचा फोन आला की उत्तरेकडच्या एका छोट्या गावातलं वृद्धांचं होम मुलाखत घेणार आहे. उत्तरं पाठ करून ठेवा. मितॅ कूलू म्हणजे कसं काय चाललंय, त्याला उत्तर, कीतोस, ह्युवॅ. छान, आभारी आहे. फिनलंड का, तर निसर्ग आणि शांतता. मिनलनं सगळं पाठ केलं. पोळ्या लाटताना गुंजन प्रश्न विचारी, ती उत्तर देई.

मुलाखतीच्या दिवशी तिनं सुट्टी मागितली होती. ती मिळाली नाही. वर आदल्या रात्री जिची ड्यूटी होती ती आली नाही, म्हणून मिनल रात्रभर थांबली आणि सकाळचीही करून दुपारी तिथंच, चादरींच्या खोलीत, खुर्ची ओढून बसली. अंगात तोच गणवेश. एका बाजूला धुतलेल्या चादरींचे ढीग, दुसऱ्या बाजूला ऑक्सिजनचे रिकामे सिलेंडर. फोनवर दोन चेहरे आले. संस्थेच्या बाई, आणि होमची मुख्य, पैवी नावाची. मोठ्या हाडापेराची, निळा गणवेश, डोळ्यांखाली काळी वर्तुळं.

पैवीनं विचारलं, "मितॅ कूलू?"

मिनलनं तोंड उघडलं. कीतोस, ह्युवॅ. एवढंच म्हणायचं होतं. पण त्या बाईच्या डोळ्यांकडे बघता बघता तिच्या तोंडून दुसरंच निघालं.

"ओलेन वॅस्युन्युत." मी थकलेय.

संस्थेच्या बाई घाईनं इंग्रजीत काहीतरी सारवासारव करू लागल्या. पैवीनं हात वर करून त्यांना थांबवलं. ती कॅमेऱ्याच्या जरा जवळ आली आणि हळू म्हणाली, "नीन मिनॅकिन."

मीही.

मिनलला रडू आलं नाही. रडायलाही ताकद लागते. पैवीनं विचारलं, का थकलीस? मिनलकडे शब्द थोडे होते, त्यामुळे खोटं बोलायची सोयच नव्हती. युक्सि होइताया. पाल्योन पोतिलाइता. एक नर्स, पुष्कळ पेशंट. माझी मुलगी घरी. माझी सासू, गुडघे. मी रात्री काम करते, सकाळीही करते.

"मेइल्लॅकिन," पैवी म्हणाली. आमच्याकडेही. त्या शेवटच्या किनमध्ये आपलं "ही" आहे, हे मिनलला आता कोणी सांगायची गरज नव्हती. निसर्ग आणि शांतता हे उत्तर द्यायचा प्रश्न शेवटपर्यंत कोणी विचारलाच नाही.

फोन बंद झाल्यावर संस्थेच्या बाईंनी तिला खूप सुनावलं. आणि पुढच्या आठवड्यात त्यांचाच फोन आला. आवाजात आश्चर्य होतं. पैवीनं तिलाच निवडलं होतं.

मिनलनं घरी सांगितलं तेव्हा प्रयागबाई पदरानं चष्मा पुसत राहिल्या. गुंजननं आधी उडी मारली, मग विचारलं, "मी पण येऊन राहिली ना?" पहिलं वर्षभर तरी नाही, म्हटल्यावर ती आत निघून गेली. जितेंद्र जेवून उठला आणि म्हणाला, "चाल, तलावाकडून येऊ."

दोघं सक्करदरा तलावाच्या कडेनं चालत राहिले. संध्याकाळची गर्दी होती, भुट्टेवाल्यांच्या शेगड्या पेटल्या होत्या. जितेंद्र म्हणाला, "मले वाटलं होतं, तू शिकशीन, कंटाळशीन, सोडून देशीन. म्हणून हो म्हटलं होतं."

"माहीत आहे मले."

"तिथं काम कमी आहे काय?"

"नाही. तिथंही असंच आहे. ती बाईच म्हणाली."

"मंग काहून जाऊन राहिली?"

मिनल चालत राहिली. शेवटी ती म्हणाली, "मी म्हटलं, थकली मी. त ती म्हणे, मी पण. एवढंच म्हणाली. इतक्या वर्षांत इथं मले कोणी विचारलं का, अन् मी कोणाले सांगितलं का?"

जितेंद्र थांबला. त्यानं एक भुट्टा घेतला, त्याचे दोन तुकडे केले, मोठा तिला दिला. घराजवळ आल्यावर म्हणाला, "जा तू. गुंजनचं मी पाहीन. आईचंही."

कागदपत्रं सुरू झाली. पासपोर्ट, प्रमाणपत्रं, शिक्के. दवाखान्यात बातमी पसरली आणि वॉर्डच्या इनचार्ज एकदम तिच्याशी आदरानं बोलू लागल्या. जितेंद्रनं दुकानातून एक भक्कम झाकणाचा डबा आणला, तिथं मसाला न्यायला. प्रयागबाईंनी न सांगता जवसाची चटणी कुटून ठेवली. क्लास चालूच होता. आता राइया तिला बर्फात कसं चालायचं त्याचे शब्द शिकवत होती.

दिवाळी झाली आणि निरोप आला. फिनलंडच्या त्या भागातल्या सरकारनं खर्च कमी करायला घेतला होता. होमची माणसं कमी होणार, या वर्षी बाहेरून कोणाला घेणार नाहीत. संस्थेच्या बाई म्हणाल्या, भाषा विसरू नका, पुढं बघू. पुढं म्हणजे केव्हा, हे त्यांनाही माहीत नव्हतं. त्याच दिवशी पैवीचा एक छोटा संदेश आला. मिनलनं तो जिन्यात उभ्यानं वाचला. सोप्या फिनिश शब्दांत लिहिलं होतं. मला वाईट वाटतं. आमच्या दोन जणींनाही काढलं. तू चांगली नर्स आहेस. तू झोप काढ. एकही शब्द शोधावा लागला नाही. सगळं कळलं, हेच त्या क्षणी तिला जास्त लागलं.

ती वॉर्डमध्ये परत गेली आणि संध्याकाळची औषधं वाटली.

घरी जितेंद्रनं डबा फळीवर ठेवला. चटणी घरातच खाल्ली गेली, बरेच दिवस पुरली. गुंजन दोन दिवस आईला चिकटून झोपली. सुटल्यासारखं वाटत होतं आणि त्याची लाजही वाटत होती तिला, हे मिनलला कळत होतं. मिनलला स्वतःलाही थोडं तसंच वाटत होतं. इनचार्जचा आदर मात्र आठवड्याभरात संपला. त्यांनी डबल ड्यूटी लावली तेव्हा मिनल म्हणाली, "नाही मॅडम. एकच करीन." आवाज मोठा नव्हता, कापतही नव्हता. इनचार्ज चिडल्या, काही दिवस बोलल्या नाहीत, मग दुसरीला विचारू लागल्या. दुसऱ्यांच्या रात्री घेणंही मिनलनं बंद केलं.

क्लासची तुकडी संपली. शेवटच्या दिवशी राइयानं प्रत्येकीचं नाव घेऊन निरोप घेतला. मिनलजवळ पुढं शिकण्यासारखं काही कारण नव्हतं आणि तिनं ते शोधलंही नाही. कधी बसमध्ये एखादा शब्द आपोआप ओठावर येई, ती तो मनात म्हणे आणि सोडून देई.

चार वाजता मात्र ती सवयीनं आतल्या खोलीत जाई. पलंगावर टेकली की डोळे मिटत. एका दुपारी अर्धवट झोपेत तिला बाहेर चप्पल काढल्याचा आवाज आला. कोपऱ्यावरच्या यमुताई होत्या.

"सिस्टर आहे का? बीपी पाहाचं होतं."

"आहे, पण आता नाही जमत," प्रयागबाई म्हणाल्या.

"काहून?"

"क्लास सुरू आहे तिचा."

"अजून सुरूच आहे? ते जाणं त रद्द झालं म्हणे."

"जाणं रद्द झालं. क्लास सुरूच आहे. सहा वाजता या तुम्ही."

यमुताई काहीतरी पुटपुटत गेल्या. मिनल पडल्या पडल्या ऐकत होती. उठून बीपी बघायला फार तर पाच मिनिटं लागली असती. तिनं कूस बदलली. बाहेर प्रयागबाईंनी खाटेवरून उठताना गुडघ्यावर हात ठेवला असावा, कारण त्या हलकेच कण्हल्या. मग खोलीचं दार, आवाज होणार नाही असं, ओढून घेतल्याचं तिला कळलं. गुंजन ट्यूशनवरून येईपर्यंत ती झोपली.